बंदूक खरीच होती

मादागास्करमध्ये १९४७ साली फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि फ्रेंचांनी तो क्रूरपणे मोडून काढला. हजारो माणसं मारली गेली. ऑक्ताव मानोनी हा फ्रेंच माणूस त्या बेटावर बरीच वर्षं राहिला होता आणि मनोविश्लेषणाचा, म्हणजे मनात नकळत दडलेलं शोधण्याच्या शास्त्राचा, अभ्यास करत होता. तिथल्या लोकांची स्वप्नं त्याने जमवली, त्यात मुलांचीही होती, आणि १९५० च्या आपल्या पुस्तकात त्यांचा अर्थ लावला. कुणाच्या स्वप्नात चवताळलेला काळा बैल मागे लागतो, कुणाच्या स्वप्नात सेनेगाली सैनिक येतात. हे सैनिक फ्रेंच फौजेतले. मानोनीने शास्त्राच्या ठरलेल्या रीतीने या सगळ्यात बाप शोधला, लैंगिक भय शोधलं. सैनिकाच्या हातातली बंदूक म्हणजे लिंगाचं प्रतीक, असा तो हिशेब.

दोन वर्षांनी फ्रांझ फॅननने त्याला उत्तर दिलं. फॅनन मार्टिनिक बेटावरचा काळा तरुण, मनोविकारतज्ज्ञ, तिशीही न गाठलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सेनेगाली सैनिकाची ती बंदूक लिंग वगैरे काही नाही, ती लेबेल बनावटीची १९१६ ची खरी बंदूक आहे. ही स्वप्नं पडली ती कुठल्या काळात आणि कुठल्या जागी, ते आधी बघा. ज्या गावात सैनिक दारात उभे आहेत तिथल्या पोराच्या स्वप्नात सैनिक येणारच.

मी पदवीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते आणि कॉलेजच्या समुपदेशन केंद्रातही बसते. दमनाचा पाठ आला की दरवर्षी ही बंदूक वर्गात आणते. कारण दमन आणि जुलूम यांतली गल्लत मी पुस्तकांत जेवढी पाहिली, त्याहून जास्त आमच्या केंद्राच्या खोलीत पाहिली आहे.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१५ मध्ये दमनावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच्या मते दमन म्हणजे मनाने एखादी इच्छा, आठवण किंवा कल्पना जाणिवेबाहेर ढकलणं आणि बाहेरच ठेवणं. यातली मेख अशी की ढकलणाऱ्याला आपण ढकलतोय याचा पत्ता नसतो. पत्ता असेल तर ते दमन नव्हे, ते लपवणं झालं, गिळणं झालं, वेळ बघून गप्प बसणं झालं. ढकललेली गोष्ट स्वस्थ बसत नाही. स्वप्नातून, जिभेच्या घसरण्यातून, अकारण चढणाऱ्या रागातून, शरीराच्या दुखण्यातून ती वाट काढते. दमन करणारा आणि ज्याच्यावर ते होतं तो, एकच माणूस असतो.

जुलमाला मात्र दुसरा माणूस लागतो. त्याच्यामागे कायदा असेल, रूढी असेल, पैसा असेल, गावकी असेल. पण हात दुसऱ्याचा असतो, आणि ज्याच्यावर पडतो त्याला तो चांगला ठाऊक असतो. कुणाच्या विहिरीवर कुठून वाट वाकडी करायची, कुठल्या आळीत चप्पल हातात घ्यायची, हे ज्याला सोसावं लागलं त्याला झोपेतून उठवून विचारा, तो बिनचूक सांगेल. त्याचं ज्ञान दाबलं गेलेलं नसतं. त्याचा आवाज दाबला गेलेला असतो. या दोन्हीला ‘दाबणं’ म्हटलं तरी आत घडणारी गोष्ट अगदी वेगळी आहे.

फ्रॉइड स्वतःसुद्धा या चौकात उभा राहिला होता. १८९६ मध्ये व्हिएन्नातल्या आपल्या व्यवसायबंधूंसमोर त्याने सांगितलं, की उन्मादाच्या (हिस्टेरियाच्या) रुग्णांच्या दुखण्याच्या मुळाशी लहानपणी त्यांच्यावर झालेले लैंगिक अत्याचार आहेत. त्याचं थंड स्वागत झालं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, मित्र फ्लीसला पत्र लिहून त्याने कळवलं की या सिद्धांतावरचा आपला विश्वास उडाला आहे. त्यानंतर त्याचं लक्ष घडलेल्या प्रसंगांकडून मनातल्या इच्छा-कल्पनांकडे वळलं. असे अत्याचार होतच नाहीत असं तो कधी म्हणाला नाही, आणि त्या वळणातूनच त्याचं बरंचसं मोठं काम उभं राहिलं, हे खरं. पण त्याच वळणाने पुढच्या कित्येक वैद्यांच्या हाती एक पळवाट दिली: बाई काही सांगू लागली की ‘हे हिच्या मनातलं’ म्हणायची सोय. ती सोय आजही संपलेली नाही.

आपल्याकडेही ही सोय वापरली गेली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठात दमनाच्या संकल्पनेवरच प्रबंध लिहिला आणि पुढच्या वर्षी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. ही अभिमानाचीच गोष्ट. त्या वर्तुळात काही ब्रिटिश अधिकारीही होते. त्यांतल्या क्लॉड डेली या लष्करी अधिकाऱ्याने १९३० मध्ये क्रांतिकारी प्रवृत्तींच्या मानसशास्त्रावर लेख लिहिला आणि इथल्या बंडखोरीचं मूळ हिंदूंच्या मनोघडणीत शोधलं. त्याच १९३० सालच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता, आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं गेलं. एवढं समोर घडत असताना राज्यकर्त्यांच्या फौजेतला माणूस बंडाचं कारण बंडखोराच्या बालपणात शोधतो, तेव्हा त्याचं शास्त्र कुणाच्या कामी येतं ते वेगळं सांगायला नको.

आता आमच्या खोलीतलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एक मुलगी आली. झोप लागत नाही, मेसमध्ये जावंसं वाटत नाही, वजन उतरलंय. आधी दुसरीकडे एका समुपदेशकाकडे जाऊन आली होती. तिथे तिला न्यूनगंड आहे असं सांगितलं गेलं. दीर्घ श्वसन दिलं, आणि रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी कोणापेक्षा कमी नाही’ असं म्हणायला सांगितलं. मी विचारलं, मेसमध्ये काय होतं? ती म्हणाली, मी बसले की तो बाक रिकामा होतो. पहिल्या आठवड्यात मुलींनी तिला प्रवेशाचा क्रमांक विचारला होता, मग आडनाव, मग ‘कॅटेगरीतून ना?’ तेव्हापासून बाक रिकामा होत होता. आरशाचं विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, मी कमी नाही हे मला माहीतच आहे. ते त्यांना सांगा ना.”

तिच्या झोपेचा इलाज तिच्या मनात नव्हता. तो त्या बाकावर होता.

डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सबद्दल दिलेला अहवाल वाचावा. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात, मेसमध्ये, खेळांत आणि तोंडी परीक्षांत वाट्याला येणारी वागणूक त्यात नोंदवलेली आहे. वसतिगृहात त्रास होऊन ही मुलं खोल्या बदलत बदलत ठरावीक मजल्यांवर एकवटली होती, हेही. देशातली अतिशय अवघड परीक्षा पार करून आलेली ही मुलं. यांना ‘आत्मविश्वास वाढवा’ असं सांगणं म्हणजे मजल्यांची ती वाटणी जशीच्या तशी ठेवून मुलांचं मन तेवढं बदलायला निघणं.

जुलूम बाहेर असतो म्हणून त्याच्याविरुद्ध ठराव करता येतो, मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं. महाडचंच पाहा. रावबहादुर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक चालत गेले आणि त्यांनी ते पाणी प्यायलं. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ले झाले. मग घागरींनी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागेपर्यंत मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. या लढ्यातल्या प्रत्येक पायरीला तारीख आहे, सही आहे, विरोधकाचं नाव आहे. दमनाविरुद्ध असा लढा देता येत नाही. ‘माझ्या मनाने माझ्यापासून काय लपवलं’ याचा दावा कुठल्या कोर्टात टाकणार?

त्याच १९२७ च्या जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांनी प्राध्यापकी सोडली होती, आणि मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, ते मासिक एकहाती चालवलं. लोक त्यांना पत्रं लिहीत आणि घरात, वैद्यासमोर, मित्रांतही उच्चारता येणार नाही ते विचारत. हस्तमैथुनाने खरंच अशक्तपणा येतो का, असले प्रश्न. कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तर देत. या उत्तरांसाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड झाला.

कर्व्यांचे हे वाचक लैंगिक दमनाची उदाहरणं म्हणून सांगितले जातात. मला ते पटत नाही. ज्याने पोस्टकार्ड घेतलं, प्रश्न शब्दांत मांडला, पत्ता लिहिला आणि ते पेटीत टाकलं, त्याला आपल्या मनात काय आहे ते माहीत होतं. त्याला लाज होती, भीती होती, एकटेपण होतं. पण जाणिवेबाहेर काही ढकललेलं नव्हतं. त्याला हवं होतं एक खरं उत्तर, आणि ते देणाऱ्याला सरकारने दंड केला. म्हणजे जी गोष्ट आपण मनाच्या खात्यात टाकतो तिचा मोठा भाग इथेही दंडुक्याच्याच खात्यात निघतो. डॉ. आंबेडकरांनी तो खटला का घेतला असेल, हे मला यातून उलगडतं. आणि ज्याचं खरोखर दमन झालेलं असतं तो कर्व्यांना पत्र लिहीतच नाही. त्याला प्रश्नच पडलेला नसतो.

मग दमन असतं कुठे? तक्रार करणारा दुसरा कुणी असला की त्याचे विरोधक मनोरुग्ण ठरवण्याचा मोह होतो. पण तसं करणं म्हणजे मानोनीचीच चूक उलट्या दिशेने करणं. म्हणून मी फक्त माझ्या घराचं सांगते, ते मला माहीत आहे.

आजोळी, सातारा भागात, मागच्या पडवीच्या वळचणीला एक वेगळी कपबशी असे. घरी केरसुण्या घेऊन एक बाई यायच्या, त्यांच्यासाठीची. आजी वरून चहा ओतायची. चहा पिऊन झाला की त्या बाई कपबशी स्वतः विसळून, पालथी घालून, होती तिथे ठेवायच्या. मी लहान होते, पण हे मला स्वच्छ दिसतं. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नात सगळे जमले असताना मी मावशीला त्या कपबशीबद्दल विचारलं. मावशी म्हणजे खोटं न बोलणारी बाई. तिची स्मरणशक्ती अशी की गोठ्यातल्या प्रत्येक गाईचं नाव आणि तिला कुठल्या साली कालवड झाली तेही सांगेल. ती म्हणाली, “छे! आपल्याकडे असलं काही कधीच नव्हतं. तुझे आजोबा सुधारक होते.” मी पुन्हा विचारलं तर तिचा आवाज चढला. “आणि आता तर त्यांचेच दिवस आहेत,” म्हणाली, आणि डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडली.

निव्वळ विसरलेल्या गोष्टीवरून माणसाचं डोकं दुखत नाही. आजोबा सुधारक होते हेही खोटं नाही. त्यांनी गावात वाचनालय काढलं, मुलींना शिकवलं. त्या आजोबांचं घर आणि ती कपबशी, ही दोन्ही एकाच मनात एकाच वेळी ठेवता येत नसावीत. एकाला जावं लागलं. कपबशी गेली. मावशीने ठरवून ती फेकलेली नाही, आणि म्हणूनच मी तिला खोटारडी म्हणणार नाही.

त्या बाईंची मुलगी पुढे शिक्षिका झाली, आता निवृत्त आहेत. मी त्यांना काकू म्हणते. त्यांना विचारलं. क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या, “कपाचा कान तुटलेला होता गं. निळी रेघ होती बशीला. पावसाळ्यात आत गांडूळ बसलेलं असायचं, आई आधी ते काढायची.”

तेव्हापासून वर्गात मी हे ठामपणे सांगते: अन्याय सोसणाऱ्याच्या घरी आठवण असते, आणि करणाऱ्याच्या घरी ती जाणिवेतून हद्दपार होण्याची शक्यता जास्त असते. करणाऱ्याला स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायचं असतं ना. समुपदेशनाची गरज खरं तर आमच्या मावशीला होती. काकूंना हवी होती एक बरी कपबशी, आणि घरात बसायला पाट.

एवढ्यावर ही वाटणी संपली असती तर सोपं होतं. पण सतत बाहेरून मारलेला शिक्का आतही उमटतो. डिसेंबर १९२७ मध्ये, दुसऱ्या महाड परिषदेच्या वेळी, डॉ. आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, जात ओळखू येईल असे दागिने अंगावर ठेवू नका, असं त्यांनी सांगितलं. ज्या माणसाने आदल्याच दिवसांत मनुस्मृती जाळली तो लुगड्याच्या नेसणीकडेही लक्ष देतो, कारण नेसणीत हुकूम मुरलेला असतो. फॅननने हेच कातडीच्या संदर्भात लिहिलं: कमीपणा आधी पैशात आणि सत्तेत असतो, मग तो कातडीत उतरतो. क्रम महत्त्वाचा आहे.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं. त्यात शहरात स्थिरावलेल्या, शिकलेल्या दया पवारला दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो. दोघं एकच. एकाला पुढे जायचंय आणि दुसरा मागून हाक मारतो. जुलमाने माणसाच्या आत अशी फाळणी केली तर तिथे दमनाला जागा मिळते, हे मला त्या पुस्तकाने जसं शिकवलं तसं एकाही पाठ्यपुस्तकाने शिकवलं नाही. पुस्तकावर काही आपल्याच माणसांची नाराजीही झाली, हे कशाला उकरायचं म्हणून. ती नाराजी मी दमन म्हणून उडवून लावणार नाही. ज्याला घरमालक आडनाव विचारून खोली नाकारतो, त्याने गप्प बसणं ही पुष्कळदा शहाणी, जाणती निवड असते. शहरात आडनाव बदलून राहणाऱ्याला आपलं मूळ आडनाव पक्कं आठवत असतं.

फलटणच्या बेबीताई कांबळे याचं माझ्या मनातलं सगळ्यांत मोठं उदाहरण. दुकानात माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या, आणि आपल्या लोकांचं जिणं लिहून काढायच्या, नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून, अनेक वर्षं. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसलं असेल? संसार आणि दुकान सांभाळणारी, मुकाट बाई. आणि आत ओळीमागून ओळ तयार होत होती. जातीचा जुलूम होता, घरात नवऱ्याचा होता, आणि दमन मात्र नव्हतं. समोरची बाई बोलत नाही म्हणजे तिला कळलेलंच नाही, असा निदानाचा उतावीळपणा माझ्या मनात येतो तेव्हा मी बेबीताईंची ती लपवलेली पानं आठवते.

डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या परिषदेसाठी तयार केलेलं, पण तिथे होऊ न शकलेलं भाषण १९३६ मध्ये छापलं. त्यात ते म्हणतात की जात म्हणजे विटांची भिंत किंवा काटेरी तारांचं कुंपण नव्हे. ती एक धारणा आहे, मनाची अवस्था आहे. माझे काही सहकारी हे वाक्य फार आनंदाने सांगतात: बघा, शेवटी सगळं मनातच. पण पुढे वाचलं तर कळतं की ते पाळणाऱ्याच्या मनाबद्दल बोलत आहेत. त्याला जे शास्त्र पवित्र म्हणून शिकवलं गेलं, त्या शास्त्राच्या अधिकारावर त्यांचा रोख आहे. भिंत मनात आहे खरी. पण कुणाच्या, हे विचारल्याशिवाय हे वाक्य वापरू नये.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. आम्ही समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार केली. मेसच्या जागा महिनाभर चिठ्ठ्या टाकून ठरवल्या गेल्या, वॉर्डनने मुलींची बैठक घेतली. फार मोठं काही झालं नाही. पण तक्रारीखाली सही केली त्या रात्री ती झोपली, असं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. जागा अजून बदललेल्या नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट. तिच्याशी बोलणं मी थांबवलं नाही, कारण अपमान सोसून आलेला थकवा खरा होता आणि त्याला ऐकणारं माणूस लागतंच.

आमच्या केंद्राच्या नोंदणी अर्जात लक्षणं, झोप, भूक, कौटुंबिक इतिहास असे रकाने आहेत. बाहेरच्या जगासाठी एकही नाही. ‘हा त्रास कुठे होतो, कुणाच्या वागण्याने होतो आणि तो कळवायचा आहे का’ असा रकाना घालावा, आणि ‘हो’ आलं तर विद्यार्थ्याच्या संमतीने तो अर्ज त्याच दिवशी समान संधी कक्षाकडे जावा, असा प्रस्ताव मी दिला आहे. पुढच्या बैठकीत तो चर्चेला येईल. यामुळे समुपदेशनात राजकारण येईल, असा आक्षेप आधीच आला आहे. त्याचं उत्तर द्यायला मी काकूंची ती आठवण, त्यांना विचारून, लिहून घेऊन जाणार आहे.